खोटी गाबोळी

वैशाखात कृष्णेवर जलपर्णी माजली आणि भोई गल्लीतली जाळी खुंटीला लागली. वरच्या बंधाऱ्यापासून मसणवट्याच्या वळणापर्यंत नदी अशी हिरवीगार झाकून गेली होती की नवख्या माणसाला वाटावं, मेथीचं रान आहे, चालत पलीकडं जावं. धोंडुबाईच्या लेकानं, अमरसिंहानं, पहिले काही दिवस जिद्दीनं जाळं टाकून बघितलं. गुऱ्हाळातली जुनी काहील हीच त्याची नाव. त्या काहिलीत बसून तो मध्यापर्यंत जायचा आणि जाळं ओढता ओढता काहिलीसकट गोल गोल फिरायचा. वर यायचा तो नुसता काळ्या मुळ्यांचा गुंताडा. तो सोडवताना जाळं फाटायचं. धोंडुबाई उंबऱ्यात बसून ते विणायची आणि दुसऱ्या दिवशी ते परत फाटायचं.

"बास कर बाबा आता," ती एक दिवस म्हणाली. "माजी बोटं तरी ठेव धड. गळ टाक की."

"गळाला लावू काय? कपाळ?"

त्याचंही खरं होतं. उन्हानं काठ भाजलेल्या विटेसारखा टणक झाला होता. हातभर खणलं तरी एक गांडूळ निघत नव्हतं. कणकेचा गोळा लावला तर बारकी चिलापी कुरतडून गळ मोकळा करायची. माशाला जिचं खरं वेड, ती गाबोळी, माशाच्याच पोटातली अंडी, ती पाऊस तोंडावर आल्याशिवाय मिळायची नाही. जयसिंगपूरच्या मासळी बाजारात धोंडुबाईची जागा ठरलेली होती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती तिथं विळी मांडून बसायची. तिची हाळी एसटी स्टँडापर्यंत जायची, असं लोक म्हणायचे. त्या वैशाखात हाळी द्यायला पाटीत काही नसायचं. तरी ती जायची, रिकाम्या पाटीवर ओला टॉवेल टाकून बसायची आणि दुपारी परत यायची. जागा सोडली की दुसरी कुणी बसते, हे तिला ठाऊक होतं.

तिची सून वर्षाराणी चंदगडकडची, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून कमी. ती शिरोली एमआयडीसीत एका लहान कारखान्यात कामाला जायची. तिथं पकडींच्या मुठींवर लाल-केशरी प्लास्टिक चढवत. पातळ दुधासारखं प्लास्टिक, त्यात तापवलेल्या पकडी बुडवायच्या, लटकवायच्या, भट्टीत फिरवायच्या. उन्हाळ्यात मालकाचं काम थांबलं आणि त्यानं बायकांना घरी बसायला सांगितलं. येताना वर्षाराणीनं दोन गोष्टी आणल्या. एक, कॅनच्या तळाला उरलेलं पातळ प्लास्टिक. ते मालक टाकूनच देणार होता. आणि दुसरी, पकडींच्या टोकावरून गळून थिजलेले केशरी थेंब, पिशवी भरून.

"ह्ये कशाला आणलंयास?" धोंडुबाईनं विचारलं.

"बोटात बरं लागतंय," वर्षाराणी म्हणाली.

धोंडुबाईनं एक थेंब चिमटीत दाबून बघितला. मऊ होता, दाबला की दबायचा, सोडला की फुगायचा. तिच्या बोटांना ते कुठंतरी ओळखीचं वाटलं.

अमरसिंहानं थट्टेनं त्यातला एक थेंब गळाला टोचला. बंधाऱ्याखाली जलपर्णीत एक खिडकी पडली होती, तिथं गळ सोडला आणि विडी पेटवली. विडी अर्धी व्हायच्या आत दोरी ताठ झाली. हातभर लांबीचा रव होता. अमरसिंह मासा दोन्ही हातांनी छातीशी धरून पळत घरी आला, तेव्हा त्याचा सदरा खवल्यांनी चमकत होता.

"आये, ह्या येड्यानं प्लास्टिक गिळलं की!"

त्या दिवसापासून वर्षाराणीचं डोकं त्या थेंबांतून बाहेर आलं नाही. थेंब लांबुळके होते आणि गळावरून घसरायचे. तिला गोल हवे होते, अंड्यासारखे, आणि मधोमध दोरी ओवायला भोक. पण साचा कशाचा करायचा? धोंडुबाई एकदा पाणी भरून आली, तर सून मागच्या पडवीत मांडी घालून बसली होती आणि तिच्याच गळ्यातली बोरमाळ पुढच्या ओल्या प्लास्टरमध्ये मण्या-मण्यानं रुतलेली होती.

"अगं ए! लेणं चिखलात घालतात व्हय? हात मोडले का तुजे!"

"निघतंय आत्ती. तेल लावलंया."

"निघंना तर?"

"निघंना तर मी काढतो," वर्षाराणी म्हणाली, आणि मान वर न करता प्लास्टर बोटानं सारखं करत राहिली.

निघाली बोरमाळ. प्लास्टरमध्ये मण्यांच्या अर्ध्या-अर्ध्या खळ्या उमटल्या होत्या. तसाच दुसरा भाग केला, दोन्ही एकमेकांवर बसवले, मधून दाभण जाईल अशी खाच पाडली, वरून ओतायला वाट ठेवली. धोंडुबाई सगळं बघत होती आणि न बघितल्यासारखं करत होती.

पहिल्या खेपेला साचा ओला राहिला होता. चुलीवर, घरातून कायमच्या बाद केलेल्या पातेल्यात, वर्षाराणीनं कॅनमधलं प्लास्टिक, रंगाला मूठभर थेंब टाकून, तापवलं. आधी ते दुधासारखं, मग खरवसासारखं घट्ट, आणि ढवळत राहिलं की एकाएकी परत पातळ, स्वच्छ, काकवीसारखं धार धरणारं. तिनं ते साच्यात ओतलं. आतल्या ओलीची वाफ झाली आणि सगळं फटकन उसळून तिच्या मनगटावर आलं. ती ओरडली नाही. दातांवर दात ठेवून तिनं हात रांजणात बुडवला. धोंडुबाईनं धावत जाऊन तिचा दंड धरला. चिकटलेलं प्लास्टिक ओढायला लागली तसं सून म्हणाली, "ओढू नगासा आत्ती, कातडं येतंय. गार होऊ दे."

मनगटावर पोरीच्या कातडीची पापडी सुटली होती. धोंडुबाईनं तांब्यातांब्यानं पाणी ओतलं आणि तोंडानं शिव्या घातल्या. प्लास्टिकला, कारखान्याला, रवाला, आणि तो पहिला थेंब गळाला टोचणाऱ्या आपल्या लेकालाही.

दुसऱ्या दिवशी साचा पत्र्यावर उन्हात टाकलेला होता. दुखऱ्या हाताला फडकं गुंडाळून वर्षाराणी तो तासातासाला पालटत होती. खडखडीत वाळला तेव्हा तिनं पांढरा डिंक पाण्यात कालवून आतून लावला, परत वाळवला. चूल आता परसात, वाऱ्याकडं पाठ करून मांडली, कारण जरा जास्त तापलं की प्लास्टिक पिवळं पडायचं आणि त्याचा धूर घशात काट्यासारखा रुतायचा. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या. "काय गं धोंडे, टायर शिजवालीस का काय?" धोंडुबाई त्यांना सुनेच्या वतीनं काही बोलायची नाही, आणि सुनेला त्यांच्या वतीनंही बोलायची नाही.

मणी निघाले. वर्षाराणीनं साचा उघडला, दाभण फिरवत फिरवत ओढलं, आणि टपोरे मऊ मणी परातीत घरंगळले. फक्त रंग चुकला होता. सगळे एकाच भडक लाल रंगाचे, पकडीच्या मुठीसारखे.

आता धोंडुबाईला राहवलं नाही. "गाबोळी अशी असती व्हय? हळदीवानी पिवळी असती, केशराचं पाणी टाकल्यागत. आतनं दिसती. आन् एकसारखी कधीच नसती. एखादं अंडं मेल्यालं असतंय, ते पांढरं पडतंय. मासा आधी ते उचलतो."

वर्षाराणीनं पहिल्यांदाच तिच्याकडं पूर्ण मान वळवून बघितलं. "पांढरं कसं? दुधासारखं का चुन्यासारखं?"

"धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखं."

त्या रंगासाठी दोघी जयसिंगपूरला आप्पासोंच्या दुकानात गेल्या. आप्पासो वयस्कर जैन गृहस्थ, रंग, मेण, प्लास्टर असलं सामान विकायचे. प्लास्टर त्यांच्याकडूनच नेलं होतं. तेलातला रंग काढता काढता त्यांनी सहज विचारलं, "मेणबत्त्या करतासा का?"

"न्हाय. माशाच्या गळाला लावायला मणी करतो," वर्षाराणी म्हणाली.

आप्पासोंचा हात थांबला. त्यांनी बाटली हळूच परत फळीवर ठेवली. "बाई, रागावू नको. हे माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

धोंडुबाई उसळली. "आवं, मासं काय आम्ही आज मारतोय? प्लास्टर दिलंसा तवा न्हाय विचारलं!"

"तवा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं." त्यांनी हात जोडले. "दुसऱ्या गल्लीत एक दुकान हाय, तितं मिळंल. तुमचं काम तुम्ही करा, मला यात धरू नका."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत होती. धोंडुबाईची कानशिलं तापली. पायरी उतरल्यावर ती म्हणाली, "खोटं सांगायचं हुतंस की. मेणबत्त्या म्हणायचं."

"त्येंनी खरं इचारलं आत्ती."

एवढंच. आणि दुसऱ्या गल्लीत जाऊन वर्षाराणीनं पिवळा, केशरी आणि पांढरा रंग घेतला.

त्यानंतरचे मणी धोंडुबाईनं परातीतून ओंजळीत घेऊन बघितले. हळदी, आतून उजेड येणारे, कुठं केशरी ठिपका, मधूनच एखादं तांदळाच्या धुवणासारखं मेलेलं अंडं. वर्षाराणी ते बाटलीत माशाच्या तेलात मुरवायची. धोंडुबाईनं एक मणी उचलून वासही घेतला. आयुष्यभर माशांची पोटं फाडलेली तिची बोटं फसली. तिनं मनात म्हटलं, पोरीच्या हातात काहीतरी आहे. तोंडानं म्हणाली, "मीठ कमी हाय त्यात."

अमरसिंहाच्या गळाला रोज मासा लागू लागला. कटला, रव, कधी वाम. धोंडुबाईच्या पाटीवरचा टॉवेल निघाला आणि तिची हाळी परत स्टँडाकडं जाऊ लागली. रविवारी इचलकरंजीहून, सांगलीहून गाड्या घेऊन गळ टाकायला येणारी हौशी माणसं त्या मण्यांसाठी दारात येऊ लागली. वर्षाराणी कारखान्यातून आणखी कॅन आणून दिवसभर परसात उभी असायची. ढवळायचं, ओतायचं, उघडायचं, भोक साफ करायचं, मुरवायचं. संध्याकाळी तिची पाठ सरळ होत नसे. धोंडुबाई न सांगता तिच्या वाटच्या भाकरी थापायची.

मग तो मंगळवार आला.

बाजारात चांगली गर्दी होती. एका गिऱ्हाइकानं मरळ पसंत केली. लांबलचक, काळ्या पाठीची मरळ. धोंडुबाईनं विळीवर तिचं पोट उभं चिरलं, आतडी ओढली, आणि आतड्यातून तीन मणी फळीवर टपटप पडले. हळदी मणी. फुगून बोराएवढे झालेले आणि वरून खरबरीत.

गिऱ्हाईक मागं सरकलं. "ह्ये काय म्हणायचं मावशी?"

शेजारी झुंबरबाई बसायची, तळ्यातले विकत आणलेले मासे घेऊन. तिची पाटी त्या महिन्यात रोज उशिरा रिकामी होत होती. ती वाकून बघत ओरडली, "अगं बया! प्लास्टिक चारून मासं फुगवत्यात व्हय गं धोंडे! मी म्हणतो, सगळी नदी कोरडी आन् हिच्याच पाटीत मासं कुटनं येत्यात!"

माणसं गोळा झाली. कुणी मोबाइल काढला.

"नदीत सगळा गाव काय काय टाकतंय, त्येला मी काय करू?" धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज रोजच्याइतकाच मोठा होता, पण आतून पोकळ लागला. मरळ तिनं पदराखाली घेतली. उरलेल्या माशांकडं कुणी बघेना. झुंबरबाई समोरच्यांना आपलेच मासे उलटेपालटे करून दाखवत होती, "बघा पावणं, आमचं सोच्छ." धोंडुबाईनं पाटी उचलली आणि दुपार व्हायच्या आत, आयुष्यात पहिल्यांदा, भरल्या पाटीनं ती एसटीत बसली. कंडक्टरनं वासावरून तिला मागच्या बाकावर जायला सांगितलं. एरवी ती त्याला ऐकवल्याशिवाय राहिली नसती. ती मुकाट्यानं मागं गेली.

घरी आल्यावर तिनं पाटी आपटली आणि मूठ उघडून ते तीन मणी सुनेपुढं धरले.

"ह्ये घे. तुजी गाबोळी. मरळीच्या पोटात निघाली, चार माणसांत."

वर्षाराणी ढवळत होती. तिनं पळी बाजूला ठेवली, मणी घेतले, दाबले. ते दबले नाहीत. कडक झाले होते. तिनं एकाचं भोक बघितलं. दोरीपासून फाटून सुटलेला होता.

"मरळ मेलीती का जिती हुती?" तिनं विचारलं.

"जिती हुती. पण पोटात दुसरं दाणाभर काय न्हवतं. आतडं चिकटलंतं."

वर्षाराणीनं चुलीतलं लाकूड ओढलं, त्यावर पाणी मारलं. पातेल्यातलं प्लास्टिक हळूहळू थिजलं. अमरसिंह मधे पडला, "अगं, एखाद-दुसऱ्या माशाचं काय एवढं? लोक गुटख्याच्या पुड्या टाकत्यात नदीत."

"त्या मी करत न्हाय," ती म्हणाली. "ह्ये मी केलंय."

रात्रीचं जेवण तिनं वाढलं, पण जेवली नाही. सकाळी डोक्याला फडकं बांधून, हातात मोकळी बरणी घेऊन ती दारात उभी होती. "ज्याला ज्याला दिल्यात त्येंच्याकडनं परत आणतो."

"नदीवरनं?" धोंडुबाई म्हणाली. "उन्हाचं? येडी का खुळी तू? कोण देतंय परत?"

"देतील ते देतील."

ती निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत धोंडुबाईनं तिला जाऊ दिलं. मग चप्पल पायात सरकवली आणि शिव्या देत तिच्या मागं गेली.

पुलाखाली, बंधाऱ्यावर, मळ्यांच्या मोटारींपाशी, जिथं जिथं गळ टाकून माणसं बसतात तिथं दोघी गेल्या. वर्षाराणी प्रत्येकापाशी उभी राहून तेच सांगायची. मणी सुटतात, माशाच्या पोटात बसतात, मासा उपाशी मरतो, माझं चुकलंय, परत द्या. काहींनी हसून दिले. काहींनी एखादा लपवून ठेवला. एक जण म्हणाला, "बाई, मासा तसाबी मरतोयच की." त्यावर ती म्हणाली, "तुमच्या हातनं मरूदे. उपाशी नको." धोंडुबाईला हे बोलणं कुठून सुचतं तेच कळेना.

मळ्याच्या घाटावर बाळासो बसला होता. उसाचा मोठा बागायतदार, आडदांड गडी, रविवार-बुधवार न बघता गळ टाकणारा. त्याच्यापाशी बाटलीभर मणी होते. त्याचा आवाज चढला.

"दिल्यालं परत मागत्यात व्हय? ही कुटली रीत? घरी येऊन नेल्यात मी, चोरून न्हाय."

"पैसं परत देतो की," वर्षाराणी म्हणाली.

"पैसं कोण मागतंय! अपमान हाय ह्यो. घ्या, घ्या तुमचं मणी!" आणि त्यानं बाटली उघडून सगळे मणी पाण्यात उधळले.

हळदी मणी जलपर्णीच्या पानांवरून घरंगळले आणि मुळ्यांत गुंतून बसले. वर्षाराणीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. गुडघा, मांडी, कंबर. खाली गाळ होता. ती मुळ्यांचा एकेक गुंडा उचलायची, हातांनी विंचरायची, मणी काढून तोंडात धरायची, आणि गाल भरला की बरणीत सोडायची. भाजलेल्या मनगटावरची नवी कातडी मुळ्यांनी घासून लाल झाली.

धोंडुबाईला पोहता येत होतं, पण गेली काही वर्षं ती गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. तिनं चप्पल काठावर ठेवली, बाळासोकडं एकदा बघितलं आणि तीही उतरली. तिच्या जाड, खवल्यांनी सोललेल्या बोटांना मुळ्यांतले मणी बघावे लागत नव्हते, नुसते लागायचे. वर्षानुवर्षं गाबोळी अशीच तर चाचपली होती तिनं. "हितं हायत गं. ह्या गुंड्यात बघ. त्यो न्हवं, ते गोगलगाईचं अंडं."

बाळासो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. शेवटी त्यानं गळाची काठी खाली टाकली, धोतर खोचलं आणि काठाकडचे गुंडे वर ओढून झटकायला लागला. "काकू, ह्येच्यात एक हाय बघा," तो हळू आवाजात म्हणाला. वर्षाराणीनं बरणी त्याच्यापुढं धरली. बाटलीतले सगळे निघाले की नाही, हे सांगणं कठीण. पण वर्षाराणी पाण्याबाहेर आली ती हाताला काही लागेना झाल्यावरच.

परतताना दोघींच्या लुगड्यांतून गाळ गळत होता. धोंडुबाई धापा टाकत होती. वाटेत एका बांधावर बसल्यावर ती म्हणाली, "आता काय? सोडलंस काम?"

वर्षाराणीनं बरणी मांडीत धरली होती. "सोडतो म्हणलं हुतं मनात. पण तुमी मरळ पदराखाली घेतलीसा ते डोळ्यापुढनं जाईना. ते पुसल्याबिगार कसं सोडू?"

"तुला कुणी सांगटलं? मी न्हाय म्हणलो तुला ते."

"बाजारातनं आल्या बायका. सांगून गेल्या."

धोंडुबाई उठली. "चल. मणी दोरीतनं सुटतोय का दोरी मण्यातनं? ते आधी बघ."

त्या आठवड्यात चूल परत पेटली, पण वेगळ्या कामासाठी. वर्षाराणीनं भोकाचा विचार सोडून दिला. आता मणी ओतायच्या आधीच साच्यातून नायलॉनची दोरी ताणायची आणि मणी तिच्याभोवतीच थिजवायचा, अशी तिची कल्पना. दोरीचं टोक गळालाच बांधलं की मणी जाईल तर गळासकट. पहिले मणी दोरीवरून सरकले. मग तिनं आत गाठ मारली. गाठ कापत बाहेर आली. मग दोन गाठींच्या मधे दोरी उसवून तिचे धागे फुलवले, कापसाच्या बोंडासारखे, म्हणजे प्लास्टिक धाग्याधाग्यात शिरेल. दगडाला बांधून ते मणी बंधाऱ्याच्या धारेत सोडले, दोन दिवसांनी काढले. टिकले होते. अमरसिंहानं ओढून बघितले. टिकले.

"हातानं ओढून काय कळतंय?" धोंडुबाई म्हणाली. "मासा हातानं धरतो व्हय? आण हिकडं."

तिनं मणी तोंडात घातला, पुढच्या दातांत धरला आणि दोरी सुनेच्या हातात दिली.

"वड."

"आत्ती, न्हाय हो."

"वड म्हंतोय न्हवं! मरळ हाय मी असं समज."

वर्षाराणीनं भीतभीत ओढलं. धोंडुबाईनं मान हिसडली, माशासारखी, या अंगाला, त्या अंगाला. मणी फाटला. ती तो थुंकली. "दुसरा आण. धागं अजून फुलव."

वर्षाराणीनं परत ओतला. परत फाटला. उन्हं कलली, परत ओतला. गल्लीतल्या बायका कुंपणाशी जमल्या होत्या. सासू परसात उकिडवी बसून दोरी तोंडात धरून झटके देते आणि सून पाय रोवून ओढते, असला तमाशा भोई गल्लीनं बघितलेला नव्हता. अमरसिंह दारात हसून हसून खाली बसला.

या खेपेला वर्षाराणीनं जुन्या जाळ्याचा एक तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, दोरीत विणून मण्याच्या पोटात ठेवला होता. धोंडुबाईनं तो दातांत घट्ट धरला. वर्षाराणीनं ओढलं. मणी लांबला, रबरासारखा, पण फाटला नाही. धोंडुबाईनं मान मागं टाकली, सून पुढं वाकली, आणि कटकन आवाज आला.

वर्षाराणी दोरी हातात घेऊन मागं पडली होती. दोरीच्या टोकाला मणी होता, अख्खा, आणि मण्यात रुतून बसलेला धोंडुबाईचा पुढचा दात.

"आत्ती!" वर्षाराणी धडपडत उठली.

धोंडुबाईनं हातानं गाल चाचपला, रक्त थुंकलं, पाण्याची चूळ भरली. मग दोरी हातात घेऊन तिनं दात उपटून काढला आणि मणी उन्हात फिरवून बघितला. उसवला नव्हता. कुठं चीर नव्हती. दातांच्या खुणा उमटल्या होत्या आणि त्याही हळूहळू भरून येत होत्या. पोरीनं, जिच्या घराण्यात कुणी मासा विकला नाही, जाळं विणलं नाही, कारखान्याच्या गाळातून हे उभं केलं होतं. धोंडुबाईनं मणी पदराच्या टोकाला पुसला आणि परत चूळ भरली.

"हलत हुताच त्यो," ती बोबड्या तोंडानं म्हणाली. "डाक्टरकडचा हेलपाटा वाचला. आता असंच ओत सगळं. एक बी सुटता कामा न्हाय."

बाजारवार आला. धोंडुबाई आपल्या जागेवर विळी मांडून बसली. झुंबरबाई मान फिरवून बसली होती. धोंडुबाईनं पाटीतला पहिला मोठा कटला उचलला आणि कुणी मागायच्या आत त्याचं पोट चिरलं, आतडी फळीवर पसरली, बोटानं चोळून मोकळी केली, सगळ्यांना दिसतील अशी. मग दुसरा मासा. मग तिसरा. येणारी-जाणारी माणसं थबकायला लागली.

"काय शोधतीस मावशी?" एक जण म्हणाला.

"काय न्हाय ते दाखवतोय," धोंडुबाई म्हणाली. "मागच्या खेपेला निघालं ते आमच्याच घरचं हुतं. मी नदीवर ढकललं, ते खोटं बोललो. आता बघून घ्या. आपल्या हातानं चाचपा."

त्या माणसानं खरंच वाकून चाचपलं. मग मासा तोलायला सांगितला. मागून एक बाई पुढं आली.

"दात कुटं गेला गं तुजा?" झुंबरबाईला शेवटी राहवलं नाही.

धोंडुबाईनं तोंड उघडून खिंड दाखवली. "सुनंनं काढला. माशाला सुटंना असा मणी केलाय तिनं. तुज्या लेकाला पायजे असला तर सांग, त्यो बी गळ टाकतोय न्हवं?"

झुंबरबाई आपल्या विळीकडं वळली. पण थोड्या वेळानं, गिऱ्हाइकं नसताना, तिनं पाटी थोडी अलीकडं सरकवली आणि विचारलं, "दावशील का एक?"

धोंडुबाईनं कमरेच्या पिशवीतून मणी काढून तिच्या हातात दिला, आणि दोघींच्या वाटचं ओरडायला उठली. खिंडीतून वारा जाऊन तिच्या हाळीला आता शीळ लागायची. स्टँडावर एसटीची वाट बघणारी माणसं मान वळवून बघायला लागली, हा नवा आवाज कुणाचा म्हणून.